सखाभाऊची हद्द

स्ट्रायकर सखाभाऊच्या बोटाखाली तसाच राहिला.

राणी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली होती. नुसती फुंकर मारली असती तरी आत पडली असती. पण त्याचं बोट हलेना.

"मारा की हो," कांतीशेठ म्हणाले. "मुहूर्त बघताय काय राणीचा?"

व्हरांड्यातली मंडळी हसली. सखाभाऊ हसला नाही. त्याची नजर बोर्डावर होती, पण तो बोर्ड बघत नव्हता. मी त्याच्या समोरच बसलो होतो. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झालेले मला दिसले आणि मान हळूहळू पुढे कलायला लागलेली दिसली. मी खालून गुडघा मारला. बोर्ड उसळला, सोंगट्या चौफेर उडाल्या, पावडर कांतीशेठच्या चष्म्यावर जाऊन बसली.

"तुकाभाऊ! अहो, काय हे!"

"मुंगळा चावला," मी म्हणालो.

त्या गोंधळात सखाभाऊनं मान वर केली. कपाळ पुसलं. "माझी राणी गेली ना तुझ्या मुंगळ्यापायी," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. चार-पाच श्वासांची गोष्ट. कुणाला काही कळलं नाही.

एका बाईला मात्र कळलं. वनमालाबाई खांबाला टेकून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला होता. सगळे सोंगट्या गोळा करत होते आणि त्या सखाभाऊच्या गळ्याकडे बघत होत्या, जिथं शीर उडते तिथं.

आमची वसाहत जव्हारच्या बाहेर, मोखाड्याच्या बाजूला माळावर आहे. 'निवांत' तिचं नाव. तेवीस खोल्या, एक हॉल, पुढे लांब व्हरांडा. बरीचशी माणसं निवृत्त मास्तर, तलाठी, दुकानदार अशी. काही ठाणे-नाशिककडची, हवा बरी म्हणून आलेली. नऊ खोल्या इथल्या डोंगरातल्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्यातली आठ नंबरची माझी. मी एसटीच्या डेपोत हेल्पर होतो. नऊ नंबरची सखाभाऊची. तो रस्त्यावरचा मैलकुली.

मैलकुली म्हणजे काय हे आताच्या लोकांना सांगावं लागतं. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या अंगावर टाकलेला असतो. खड्डा पडला तर बुजवायचा, दरड आली तर दगड बाजूला करायचे, गटार मोकळं करायचं, किलोमीटरच्या दगडांना चुना लावायचा. सखाभाऊकडे जव्हार-मोखाडा रस्त्यावरचा आठ किलोमीटरचा घाट होता. चौतीस वर्षं. बायको लवकर गेली. मुलगा चंदू पोशेऱ्याला आजोळी वाढला आणि हा घाटातल्या पत्र्याच्या खोलीत एकटा राहिला. फावडं, घमेलं आणि एक माणूस.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "इथं करमतं का रे?"

तो म्हणाला, "तुका, चौतीस वर्षं माझ्यापुढून गाड्या गेल्या. गाडीतला माणूस मैलकुलीला बघतो का? तो दगड बघतो, किती किलोमीटर ऱ्हायला म्हणून. अठं सकाळी उठला का दहा जणं सखाभाऊ म्हणतात. मना सुरुवातीला वाटं, दुसऱ्या कोणाला हाक मारतात."

आणि त्यानं त्या दहा जणांचे तेवीस केले. सकाळी सहाला फिरायचा गट त्यानं सुरू केला. गेटपासून हॉलपर्यंतच्या वाटेला दोन्हीकडे दगड लावले आणि त्यांना चुना दिला. रविवारच्या हाऊजीत आकडे तोच पुकारायचा, आणि प्रत्येक आकड्याला कुणाची तरी टर उडवायचा. आमच्यातल्या अकरा जणांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण आम्हाला शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांना तीच तारीख लावून टाकली. सखाभाऊची तर शाळेत न जाताच लागली, नोकरीच्या कागदावर. त्या दिवशी एका केकवर अकरा जण सुरी धरायचे. पहिल्या वर्षी त्यानं आपला तुकडा कागदात गुंडाळून तीन दिवस ठेवला. मुंग्या लागल्यावर खाल्ला, मुंग्यांसकट.

पण 'निवांत'चा एक नियम होता. आपलं आपण करता आलं पाहिजे. इथं नर्स नाही, रात्रीचा दवाखाना नाही. वर्षातून दोनदा डॉक्टर येतात, तपासतात. गेटपासून हॉलपर्यंत दोनशे पावलं कुणाचा हात न धरता चालून दाखवायची. ज्याला जमत नाही, किंवा ज्याला सांभाळायला माणूस लागतं, त्याला घरी पाठवतात. दिवाळीनंतर फागीबाईला पाठवलं. तिनं एकशे साठ पावलं चालून दाखवली होती. मग ती वाटेत बसली आणि म्हणाली, जरा थांबा, चालते. व्यवस्थापक विनोदसर थांबले. पंधरा मिनिटं थांबले. संध्याकाळी त्यांनी तिच्या हातातून किल्ली घेतली तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. पण किल्ली घेतली. महिन्याभरात ती गेल्याचा निरोप आला. भजनातली तिची टाळांची जोडी अजून खिळ्याला आहे.

म्हणून मी गुडघा मारला होता.

कॅरम संपल्यावर वनमालाबाईंनी आम्हा दोघांना फणसाखाली गाठलं. बाई निवृत्त नर्स. बारा वर्षं वावर गावच्या आरोग्य उपकेंद्रात होत्या. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो.

"हात," त्या म्हणाल्या.

"कसाला?" सखाभाऊ म्हणाला.

"सखाभाऊ, हात द्या."

त्यानं दिला. त्यांनी घड्याळाकडे बघत बोटं ठेवली. फणसावर एक कावळा ओरडत होता, तो उडून गेला तरी त्यांची बोटं तिथंच.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "मिनिटाला अडतीस. किती दिवस चाललंय?"

"काय?"

"डोळ्यांपुढं काळं येणं. तुकाभाऊंना माहिती आहे, म्हणजे बरेच दिवस."

सखाभाऊनं माझ्याकडे बघितलं. मी फणसाच्या बुंध्याकडे बघितलं. दिवाळीपासून मी तीनदा बघितलं होतं. एकदा नळावर, एकदा पायऱ्यांवर. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा मला म्हणाला, चप्पल शोधतो. चप्पल त्याच्या पायातच होती.

"उपाय असतो यावर," बाई म्हणाल्या. "छातीत लहानसं मशीन बसवतात. नाशिकला होतं. पण असं लपवलंत तर एक दिवस उठणार नाही तुम्ही."

"मशीन बसल्यावर अठं ठेवतील मना?"

बाईंनी घड्याळाची काच पदरानं पुसली.

"सांगा ना, सिस्टर. फागीचा फक्त गुडघा होता."

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "ट्रस्टी ठरवतील."

"मग नाय. सिस्टर, चंदूचा घर एकाच खणाचा हाय. त्यात ती पाच जणं. मी गेलो तर ओसरीत झोपन, ती गोष्ट वेगळी. पण चंदू आणि सून मजुरीला भिवंडीला जातात. पोरं आश्रमशाळेत. मग मी परत एकटाच ना? परत घाटातला मैलकुली?" त्यानं हात काढून घेतला. "तुमी कोणाला सांगू नका."

"वावरला पोरं कुपोषणानं गेली त्या दोन वर्षांत मी एवढ्याएवढ्या मनगटांवर बोटं ठेवलीत," बाई म्हणाल्या. त्यांनी करंगळी दाखवली. "मला कळतं ते कळतं. मला गप्प बसायला सांगू नका."

शेवटी त्यांनी मुदत दिली. पुढच्या रविवारी वर्धापनदिन होता. ठाण्याहून ट्रस्टी येणार होते, डॉक्टरही त्याच दिवशी येणार होते. "डॉक्टरांनी शोधलं तर ठीक. नाही शोधलं तर त्याच दिवशी मी सांगणार. तेवढे आठ दिवस. आणि या आठ दिवसांत जड उचलायचं नाही, चढायचं नाही."

त्याच संध्याकाळी करमणूक मंडळाची बैठक झाली. कांतीशेठ अध्यक्ष. जव्हारच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, आता मुलगा सुशील बघतो. मोठ्या आवाजात बोलणं आणि मोठं काहीतरी ठरवणं ही त्यांची सवय.

"दरवर्षी तीच भावगीतं," ते म्हणाले. "ट्रस्टी झोपतात. मी स्वतः झोपतो. यंदा बोहाडा करू. भर सकाळी, दहा वाजता. एकच सोंग, पण खरं. सखाभाऊंच्या घरी नरसिंहाचा मान आहे. मी मोखाड्याला यांना नाचताना बघितलंय, चाळीस वर्षांपूर्वी. अंगावर काटा आला होता. काय सखाभाऊ?"

बाहेरच्या वाचकाला सांगतो. आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाला बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची मोठाली लाकडी तोंडं बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. नरसिंह रागीट. तो अंगात आला की लोकांवर धावतो, म्हणून त्याच्या कमरेला शेला बांधतात आणि त्याची दोन टोकं मागून दोन माणसं ताणून धरतात.

मी सखाभाऊकडे बघितलं. वनमालाबाईंनी बघितलं. तो नाही म्हणेल असं आम्हा दोघांना वाटलं.

"करू," सखाभाऊ म्हणाला. "चंदूला सांगतो तोंड आणायला."

टाळ्या वाजल्या. बाई उठून खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"वेडा झालास का?" मी त्याला नंतर म्हणालो. "आठ किलोचं लाकूड तोंडावर बांधून नाचणार? मरशील तिथंच."

"नाय म्हणलो असतो तर कांतीशेठ विचारता, का? मी काय सांगता?" तो म्हणाला. पण त्याच्या डोळ्यांत दुसरंच काहीतरी होतं. काय ते मला रविवारी कळलं.

चंदू शनिवारी मुखवटा घेऊन आला. गोधडीत गुंडाळलेला, मोटरसायकलला बांधलेला. लाल तोंड, बाहेर आलेले दात, जीभ. सखाभाऊनं त्याच्यापुढे नारळ फोडला. तोंड एकदा घराबाहेर काढून नारळ फुटला, की ते नाचल्याशिवाय परत नेत नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं. आता मागे फिरायला वाट नव्हती.

रविवारी सकाळी हॉलमध्ये डॉक्टरीणबाईंनी टेबल मांडलं. तरुण पोरगी, हसरी. एकेकाला बोलवून नाडी, रक्तदाब, छाती. मी रांगेत होतो. माझ्या पुढे कांतीशेठ, मागे सखाभाऊ. माझा हात तपासून झाला आणि त्यांनी सखाभाऊला म्हटलं, "या आजोबा."

सखाभाऊ दोन पावलं मागे सरला.

"मना शिवायचा नाय आज," तो म्हणाला.

"का बरं?"

"आज मी सोंगाला बसलोय. उपास हाय. तोंड बांधून उतरंपर्यंत कोणी शिवायचा नाय. आमच्या घरची रीत."

डॉक्टरीणबाईंनी विनोदसरांकडे बघितलं. विनोदसर इथलेच. त्यांनी कानाला हात लावला. "देवाचं आहे मॅडम. नंतर तपासा त्यांना."

"ठीक आहे आजोबा, तुम्ही शेवटी."

तेव्हा मला कळलं की तो बोहाड्याला हो का म्हणाला होता. दहाला सोंग, साडेअकराला जेवण, आणि त्याच्या आधीच डॉक्टर जव्हारला परत. सोंग लांबवलं की तपासणी टळली. पुढची तपासणी पावसाळ्यानंतर. सिस्टर गप्प राहिल्या तर त्यानं सहा महिने मिळवले होते.

मी मागे वळलो तर चंदू खांबाला टेकून उभा. त्यानं मला कोपऱ्यात ओढलं.

"काका, असा काय नाय आमच्यात," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी स्वता नाचतो तीन वर्षां. बायको तोंड बांधून देते माझा. शिवायचा नाय असा कुठं हाय? बा खोटा का बोलतो?"

"गप्प," मी म्हणालो.

"त्याला काय झालाय काय?"

"गप्प राहा, चंदू. हात जोडतो."

तो पुन्हा खांबाला जाऊन टेकला. लपवणारे आम्ही दोघं होतो, आता तिघं झालो.

दहा वाजले. गेटाशी संबळ घुमला. मोखाड्याहून आणलेला संबळवाला सावकाश ठोका देत होता. ट्रस्टी हॉलच्या पायऱ्यांवर खुर्च्या टाकून बसले. मंडळी वाटेच्या दोन्ही बाजूंना. गेटपासून हॉलपर्यंत, पांढऱ्या दगडांच्या मधून. दोनशे पावलं. फागीबाईला पुरली नव्हती तीच.

चंदूनं बापाला तोंड बांधलं. शिवायचं नाही म्हणून कपड्यानं हात झाकून बांधलं, ते त्याचं नाटक मला दिसलं. कमरेला शेला बांधला. एक टोक मी घेतलं. दुसरं कांतीशेठ घेणार होते, पण ते गुडघा चोळत आले. "सकाळपासून धरलाय हो. वाकवत नाही. कुणीतरी दुसरा..."

"मी धरते," वनमालाबाई म्हणाल्या.

"बाई नाय धरत आमच्यात," चंदू म्हणाला. हे मात्र खरं होतं.

बाई हलल्या नाहीत. त्यांनी शेल्याचं टोक उचललं आणि मनगटाला दोन वेढे दिले. "सखाभाऊ," त्या मुखवट्याकडे बघून म्हणाल्या, "मला शिवायचं नाही. ठीक आहे. पण हे धरू द्या. नाहीतर मी आत्ता त्या पायऱ्यांवर जाते."

लाल तोंड हळूच खाली गेलं. हो म्हणाल्यासारखं.

सखाभाऊ नाचला. खोटं सांगत नाही, तो नाचला. पहिल्या पन्नास पावलांत मी विसरलो की आत एक बाहत्तर वर्षांचा माणूस आहे. तो उजवीकडे झेपावला की तिकडच्या बायका किंचाळायच्या आणि हसायच्या. डावीकडे झेपावला की कांतीशेठ कुणाच्या तरी मागे लपायचे. शेला माझ्या हातात ताणलेला, जिवंत. चौतीस वर्षं फावडं मारलेली कंबर होती ती. संबळवाल्याला चेव चढला.

शंभर पावलं झाली. माझ्या उजवीकडे बाई काहीतरी पुटपुटत होत्या. मला आधी वाटलं देवाचं नाव. मग ऐकू आलं. त्या त्याचे श्वास मोजत होत्या.

दीडशेच्या आसपास शेला बदलला.

कसं सांगू? आतापर्यंत तो ओढ घेत होता. आता ओढ नव्हती, ओझं होतं. गाडी चढावर बंद पडते आणि मागे यायला लागते, तसं. मुखवटा छातीवर झुकला. गुडघे दुमडायला लागले.

"तुकाभाऊ," बाई म्हणाल्या. "वर. सोडू नका. वर."

मी मागे रेललो. पाय चुन्याच्या दगडाला रोवले. सगळा सखाभाऊ, वर ते लाकूड, आमच्या दोघांच्या हातांत आला. समोरून कुणाला काहीच कळलं नाही. उलट लोक ओरडले, "आलं! अंगात आलं!" नरसिंह जागच्या जागी डोलत होता. ट्रस्टींनी मोबाइल वर धरले. कांतीशेठनी हात जोडले.

माझ्या खांद्यातून काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी बाजूला बघितलं. बाई सत्तर वर्षांच्या, हाडांच्या. शेला त्यांच्या मनगटात रुतला होता. त्यांनी दात आवळले होते आणि पुन्हा एकापासून मोजायला लागल्या होत्या. "सहा. सात. ये रे बाबा. आठ."

चंदू धावत यायला लागला. मी मान हलवली. तो थांबला, पण त्याचा चेहरा मला बघवेना.

"अकरा," बाई म्हणाल्या, आणि शेला हलका झाला.

पायांनी जमीन धरली. मुखवटा वर आला. त्यानं एक पाऊल टाकलं. संबळवाला शहाणा निघाला, त्यानं ठोका संथ केला. मग उरलेली पन्नास पावलं सखाभाऊ नाचला नाही, चालला. देव चालावा तसा चालला. लोक गप्प झाले. आम्ही मागून शेला ताणून धरला होता, आणि कोण कुणाला धरतंय ते फक्त आम्हाला आणि चंदूला माहीत होतं.

दोनशे.

हॉलच्या पायरीवर चंदूनं तोंड उतरवलं. टाळ्या थांबत नव्हत्या. एक ट्रस्टी पुढे येऊन म्हणाले, "वा! या वयात! हेच आमच्या 'निवांत'चं खरं चित्र आहे." फोटोवाल्यानं सखाभाऊला वर बघायला सांगितलं.

सखाभाऊनं वर बघितलं नाही. तो मागे वळला होता. वनमालाबाई शेला मनगटातून सोडवत होत्या. कातडी सोलली होती, बोटं निळी पडली होती. त्यांनी हात पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता.

"सिस्टर," तो म्हणाला, "ह्या माझ्यापायी?"

"काही नाही. जेवायला चला."

"माझा भार तुमी घेतला."

"सखाभाऊ, लोक बघतायत."

त्यानं हॉलमधल्या टेबलाकडे बघितलं. घड्याळात अकरा वाजले होते. डॉक्टरीणबाई पिशवी भरत होत्या. जेवणाची घंटा झाली असती, डॉक्टर निघून गेल्या असत्या, सहा महिने त्याच्या खिशात होते. मला वाटतं बाईसुद्धा त्या क्षणी काही बोलल्या नसत्या. मुदतीचं त्यांनी काढलंच नाही.

सखाभाऊ टेबलापाशी गेला. खुर्चीत बसला आणि हात पुढे केला.

"आता शिवा," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसत होत्या. बोटं ठेवली आणि हसू गेलं. त्यांनी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. "आजोबा, तुम्ही आत्ता नाचलात?"

"नाय," तो म्हणाला. "ह्या दोघांनी नाचवला."

पुढे सगळं भराभर झालं. नाशिकला फोन, रुग्णवाहिका, कागद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीन बसवलं तर बरे होतील, पण वाटेतलं मी सांगू शकत नाही. विनोदसर कागद घेऊन आले आणि उभे राहिले. कसं विचारावं ते त्यांना सुचत नव्हतं. सखाभाऊनं त्यांना त्रास दिला नाही. कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली.

"नऊ नंबर," तो म्हणाला. "खिडकीची कडी ढिली हाय. नव्या माणसाला सांगा."

"सखाभाऊ, मी ट्रस्टींशी बोलतो," विनोदसर म्हणाले.

"बोला. पण किल्ली घ्या."

विनोदसरांनी घेतली. कांतीशेठ इतका वेळ बडबडत होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

रुग्णवाहिकेत त्याला आडवं केलं. सोबतचा माणूस म्हणाला, एकच नातेवाईक. चंदू चढला. शेला अजून सखाभाऊच्या कमरेला होता, गाठ घामानं घट्ट बसली होती. त्या माणसानं कात्री काढली.

"कापू नका," चंदू म्हणाला. "सोंगाचा शेला घरच्या उंबऱ्याशिवाय सोडीत नाय. आणि धरणारे ती टोकां सोडीत नाय. आमच्या घरची रीत."

तो माणूस वैतागला. पण कात्री ठेवली. चंदूनं आम्हा दोघांना हातानं वर घेतलं. ही रीत खरी की खोटी, मी त्याला अजून विचारलेलं नाही.

गाडी गेटातून बाहेर पडली. पांढरे दगड मागे गेले. आम्ही मोखाड्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा दुपारचं ऊन चढलं होतं. सखाभाऊच्या तोंडावर प्राणवायूची नळी होती, डोळे मिटलेले. बाईंची बोटं त्याच्या मनगटावर. मी एका हातानं शेला धरला होता, दुसऱ्यानं दांडी.

गाडी एकदा हलली. त्यानं डोळे न उघडता नळी बाजूला केली.

"ओढ्याची मोरी," तो म्हणाला. "हिचा कठडा मी बांधला दोनदा."

"बोलू नका," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं गाडी उजवीकडे कलली. "ह्या आंब्याचं वळण. अठं ट्रक उलटला होता." मग चाकं खडबडली. "हा खड्डा मी असताना नव्हता."

चंदू हसला आणि लगेच त्यानं तोंड बाहीत घातलं. बापाचे आठ किलोमीटर तो पहिल्यांदाच ऐकत होता.

सखाभाऊ पाठीनं रस्ता वाचत होता. उतार, पूल, जांभळीचा चढ, त्याची पत्र्याची खोली. खोलीपाशी तो म्हणाला, "हाय का अजून?" मी खिडकीतून बघितलं. पत्रे नव्हते, चार भिंती होत्या. "आहे," मी म्हणालो.

एक वळण गेलं, त्याचं नाव त्यानं घेतलं नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होत्या. मी शेला थोडासा ओढला, सोंगाला मागून इशारा देतात तसा. काही नाही. पुन्हा ओढला.

त्याचा हात हळूच शेल्यावर आला आणि त्यानं उलट झटका दिला. लहानसा.

पोशेऱ्याच्या फाट्यावर एक किलोमीटरचा दगड लागतो. चुना उडालेला, अक्षरं पुसलेली. गाडी त्याच्यापुढून गेली तेव्हा सखाभाऊनं डोळे उघडले.

"अठं माझी हद्द संपली," तो म्हणाला. "पुढचा रस्ता दुसऱ्याचा."

आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले. बाईंनी सोललेल्या मनगटाला शेल्याचा आणखी एक वेढा दिला. मीही दिला.